उत्तर १६ आलं की ११.१३? चार्ज असलेल्या तारेचं विद्युत क्षेत्र काढताना नेमकं कुठे चुकतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी पोळ्याच्या आगेमागे स्थितिक विद्युतचा धडा येतो आणि दरवर्षी एकच तक्रार घेऊन पोरं वह्या पुढे करतात : "सर, इंटिग्रेशन तं बरोबर हाय, मंग उत्तर काऊन जुळून नाही रायलं?"

वही पाहिली की बहुतेक वेळा इंटिग्रेशन खरोखरच बरोबर असतं. चूक त्याच्या आधी झालेली असते, चित्र काढताना किंवा चित्र न काढता. अनेक वर्षं वह्या तपासल्यावर लक्षात आलं की चुकीची उत्तरं वाटेल ती येत नाहीत. सात-आठ ठरलेले आकडे आलटून पालटून येतात. म्हणून मी एक उदाहरण असं बनवलं की त्यात प्रत्येक चुकीचा आकडा वेगळा निघेल. आकडा पाहिला की चूक कुठे झाली ते कळतं. खाली तेच उदाहरण दिलं आहे. आधी स्वतः सोडवा आणि मग आपला आकडा शोधा.

धुऱ्यावर ताणलेली एक सरळ तार आहे, लांबी ८ मीटर. तिच्यावर सगळीकडे एकसारखा धन चार्ज आहे, दर मीटरला २ नॅनोकूलंब. तारेच्या बरोबर मध्याच्या समोर, तारेला काटकोनात ३ मीटर अंतरावर 'प' बिंदू आहे. जमीन आणि खांब तूर्त नाहीत असं धरा. 'प'पाशी विद्युत क्षेत्र किती?

निम्मी लांबी ४, अंतर ३, म्हणून टोकापासून 'प'पर्यंतचा कर्ण ५. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून आकडे मुद्दाम असे सोपे घेतले. कूलंबच्या नियमातला स्थिरांक के म्हणजे ९ अब्ज, आणि नॅनो म्हणजे एक अब्जांश. दोघे एकमेकांना खातात. के गुणिले लॅम्डा (लॅम्डा म्हणजे दर मीटरचा चार्ज, इथे २ नॅनोकूलंब) उरतं फक्त १८, आणि त्याचं एकक व्होल्ट. हे १८ व्होल्ट वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. क्षेत्राचं एकक व्होल्ट प्रति मीटर, म्हणून बरोबर सूत्रात या १८ ला शेवटी एकाच लांबीने भाग गेलेला असला पाहिजे. दोनदा भाग गेला किंवा एकदाही गेला नाही, तर पुढे जाऊच नका, मागे फिरा.

बरोबर उत्तर ९.६ व्होल्ट प्रति मीटर, दिशा तारेपासून सरळ दूर.

१६ आलं असेल तर

तुम्ही तारेवरचा सगळा १६ नॅनोकूलंब चार्ज तिच्या मध्यावर गोळा केला आणि ३ च्या वर्गाने भागलं. १४४ भागिले ९.

ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक, आणि तिचं मूळ अकरावीत आहे. गुरुत्वाकर्षणात पृथ्वीचं सगळं वस्तुमान केंद्रात आहे असं धरून आपण गणितं करतो आणि ती बरोबर येतात. ती सवलत गोलाला आहे, तारेला नाही. कूलंबने १७८५ मध्ये मांडलेला नियम बिंदूएवढ्या चार्जसाठी आहे. आपल्या तारेचा मधला तुकडा 'प'पासून ३ मीटरवर आहे, पण टोकाचा तुकडा ५ मीटरवर. त्याचा जोर कमी पडणार, आणि वर तो तिरका लागणार. १६ मध्ये या दोन्ही गोष्टी धरलेल्या नाहीत.

ही सवय मोडायला कठीण जाते, कारण कधी कधी ती चालून जाते. तीच तार ३० मीटरवरून पाहा. खरं उत्तर ०.१५८६ आणि मध्यावर चार्ज धरून ०.१६. एवढा फरक कुणाच्या लक्षात येणार? पर्यायांमध्ये टिक बरोबर बसते आणि पोरगा खूश होतो. आता ३० सेंटिमीटरवर जा. खरं उत्तर ११९.६६, आणि मध्यावर चार्ज धरणाऱ्याचं १६००. तेरा पटींहून जास्त.

१२ आलं असेल तर

तुम्ही अनंत लांबीच्या तारेचं सूत्र वापरलं, २ × के × लॅम्डा भागिले अंतर. गाऊसच्या नियमावरून हे सूत्र दोन ओळींत निघतं, लक्षात राहायला सोपं, त्यामुळे तार दिसली की हात तिकडेच जातो. पण गाऊसचा नियम इथे चालतो तो तार दोन्ही बाजूंनी न संपणारी असेल तेव्हा. तेव्हाच तारेभोवतीच्या नळकांड्यावर सगळीकडे क्षेत्र सारखं आणि सरळ बाहेर जाणारं असतं. तार संपली की टोकांजवळ क्षेत्र वाकतं. नियम खोटा ठरत नाही, पण त्यातून उत्तर काढता येत नाही.

मग किती लांब तारेला अनंत म्हणायचं? मध्यासमोरच्या बिंदूसाठी तारेची लांबी अंतराच्या १४ पट असेल तर चूक साधारण एक टक्का राहते, आणि ६ पट असेल तर पाच टक्के. आपली तार तर तिप्पटही नाही.

हे दोन आकडे एकत्र ठेवले की एक छान कसोटी हाती येते. मध्यासमोरच्या बिंदूसाठी खरं उत्तर १६ पेक्षाही लहान असणार आणि १२ पेक्षाही. अंतर कितीही घ्या, हे मोडत नाही, कारण खऱ्या उत्तरात के गुणिले एकूण चार्ज भागिले (अंतर × कर्ण) असतं. कर्ण हा अंतरापेक्षाही मोठा आणि निम्म्या लांबीपेक्षाही मोठा. कर्णाच्या जागी अंतर ठेवलं की १६ येतं, निम्मी लांबी ठेवली की १२ येतं. इंटिग्रेशन सुरू करायच्या आधी हे दोन्ही आकडे काढून ठेवा, अर्धं मिनिट लागतं. शेवटचं उत्तर दोन्हींच्या खाली बसलं नाही तर कुठेतरी घसरलं आहे.

११.१३ आलं असेल तर

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही चूक हुशार पोरांची. वरच्या कसोटीतूनही ती सुटते, कारण ११.१३ हे १२ पेक्षा लहान आहे.

तुम्ही तारेचे डीएक्स एवढे तुकडे केले, प्रत्येकाचं क्षेत्र के × लॅम्डा × डीएक्स भागिले कर्णाचा (म्हणजे त्या तुकड्यापासून 'प'पर्यंतच्या अंतराचा) वर्ग असं बरोबर लिहिलं आणि उणे ४ ते अधिक ४ बेरीज केली. सगळं बरोबर. पण बेरीज कशाची केली? आकड्यांची. क्षेत्र सदिश आहे. डावीकडचा तुकडा 'प'ला उजवीकडे तिरकं ढकलतो, उजवीकडचा डावीकडे तिरकं. जूवर जोडलेले दोन बैल एकमेकांपासून फाकून ओढायला लागले की आडवा जोर एकमेकांत जिरतो आणि वखर पुढे जातो तो फक्त सरळ दिशेच्या जोरावर. तसंच इथे. तारेच्या दिशेचा भाग जोडीजोडीने कटतो, आणि काटकोनातला तेवढा हिशेबात उरतो.

म्हणून प्रत्येक तुकड्याच्या क्षेत्राला अंतर भागिले कर्ण यानं गुणावं लागतं. मधल्या तुकड्यासाठी हा गुणक १, टोकाच्या तुकड्यासाठी ३ भागिले ५. हा गुणक आला की छेदात कर्णाचा वर्ग राहत नाही, घन येतो.

ओळखण्याची खूण अगदी पक्की आहे. तुमच्या उत्तरात टॅन इन्व्हर्स उरला असेल तर दिशा विसरलात. एकसारखा चार्ज असलेल्या सरळ तारेच्या क्षेत्राचं बरोबर इंटिग्रेशन टॅन इन्व्हर्स कधीच देत नाही. ११.१३ मध्ये तो लपलेला आहे : ६ गुणिले १.८५५ रेडियन. आणि कुणी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने ताळा केला आणि तो अंशांवर ठेवलेला असला, तर हेच उत्तर ६३७.५६ दिसतं. पहिली चूक तीच, वर कोनाच्या एककाची दुसरी.

शून्य किंवा २.४ आलं असेल तर

दिशा आठवली, पण साइन आणि कॉसची अदलाबदल झाली. तुम्ही तारेच्या दिशेचा भाग घेतला. उणे ४ ते अधिक ४ केलं तर शून्य, ० ते ४ केलं तर २.४.

एका मुलीने शून्य उत्तर लिहून शेजारी कारणही लिहिलं होतं : दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सगळं कटलं. तिच्या विचारात तथ्य होतं, म्हणून मी तिला उत्तर सांगितलं नाही. फळ्यावर दोन बाण काढायला लावले, तारेच्या डाव्या आणि उजव्या टोकाकडून येणारे. बाण काढता काढता ती स्वतःच म्हणाली, "आडवे कटून रायले सर, उभे तं जमा होऊन रायले." सममिती काय कापते आणि काय ठेवते, हे बाण काढल्याशिवाय कळत नाही.

यावर उपाय म्हणजे साइन-कॉस लिहूच नका. कोन तारेपासून मोजला की लंबापासून, यावर ते बदलतात आणि प्रत्येक पुस्तक आपापला कोन घेतं. त्याऐवजी त्रिकोणाच्या बाजू लिहा. लंब दिशेचा गुणक अंतर भागिले कर्ण, तारेच्या दिशेचा एक्स (तारेच्या मध्यापासून तुकड्यापर्यंतचं अंतर) भागिले कर्ण. त्यात अदलाबदल व्हायला जागाच नाही.

४.८, १९.२, ७६.८ वगैरे

४.८ म्हणजे ० ते ४ इंटिग्रेशन केलं आणि दुप्पट करायचं राहिलं. १९.२ म्हणजे उणे ४ ते अधिक ४ केलं आणि वर पुन्हा दुप्पट केलं. ७६.८ म्हणजे लॅम्डाच्या जागी एकूण चार्ज ठेवला, म्हणून आठपट. उत्तर हजारपट चुकत असेल तर नॅनो आणि मायक्रो तपासा. लांब तारेच्या सूत्रात बरोबर शंभरपट चुकत असेल तर अंतर सेंटिमीटरमध्येच राहिलं आहे.

इंटिग्रेशनशिवाय ताळा

ही युक्ती मी प्रत्येक वर्गाला शिकवतो आणि मला ती फार आवडते. 'प' बिंदू केंद्र धरून तारेला जेमतेम टेकेल असा वर्तुळाचा कंस काढा, म्हणजे त्रिज्या ३ मीटर. 'प'पासून तारेच्या दोन्ही टोकांकडे रेषा ओढा. त्या दोन रेषांच्या मधला कंस तेवढा ठेवा आणि त्याच्यावरही दर मीटरला २ नॅनोकूलंबच चार्ज आहे असं धरा. या कंसाचं 'प'पाशी जे क्षेत्र, तेच तंतोतंत तारेचं.

असं का? 'प'वरून एक अगदी बारीक कोन करून पाहा. दूरच्या तिरक्या तुकड्यात तार जास्त लांब सापडते, म्हणून चार्ज जास्त, पण तो दूर आहे. लांबी वाढते ती कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि जोर घटतो तोही कर्णाच्या वर्गाच्याच प्रमाणात. दोन्ही बरोबरीत सुटतात. म्हणजे 'प'ला तारेचा प्रत्येक अंश सारख्याच जोराने ढकलतो, जवळचा असो की दूरचा.

यातून दोन गोष्टी लगेच मिळतात. क्षेत्राची दिशा त्या कोनाच्या दुभाजकावर असते. आणि मूल्य म्हणजे अनंत तारेचं उत्तर गुणिले निम्म्या कोनाचा साइन. आपल्या उदाहरणात निम्मा कोन ५३.१३ अंश, त्याचा साइन ०.८, आणि १२ गुणिले ०.८ म्हणजे ९.६. तार अनंत झाली की निम्मा कोन ९० अंश, साइन १, आणि १२ परत मिळतं.

बिंदू मध्यासमोर नसतो तेव्हा तर या युक्तीची खरी गरज पडते. समजा तार ४ मीटरच आहे आणि 'प' तिच्या एका टोकासमोर ३ मीटरवर आहे. वर्गातले निम्मे इथे ४.८ लिहून मोकळे होतात. लंब भाग ४.८ आहेच, पण आता समोरून कापायला दुसरी बाजू नाही, म्हणून तारेच्या दिशेचे २.४ जिवंत राहतात. दोन्ही मिळून ५.३७, आणि दिशा लंबापासून २६.५७ अंश कललेली, तारेच्या चार्ज असलेल्या बाजूपासून दूर. कोनदुभाजकाने पाहा : तारेचा एकूण कोन ५३.१३, निम्मा २६.५७. जुळलं.

बिंदू तारेच्याच रेषेत, टोकाच्या पुढे असेल तर यातलं काहीच वापरू नका. तिथे कंस काढताच येत नाही. ८ मीटरच्या तारेच्या टोकापुढे २ मीटरवर उत्तर १४४ भागिले (२ × १०), म्हणजे ७.२. मध्यावर चार्ज धरणाऱ्याला इथे ४ मिळतं. बाजूला ही चूक उत्तर वाढवते, रेषेत कमी करते.

दोन तारा, आणि खालची जमीन

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत जाणारी ७५२ किलोमीटरची डीसी लाइन १९९९ पासून चालू आहे. तिच्यात एका बाजूच्या तारा जमिनीच्या तुलनेत अधिक ५०० किलोव्होल्टवर आणि दुसऱ्या बाजूच्या उणे ५०० किलोव्होल्टवर असतात. दोन समांतर, विरुद्ध चार्जच्या तारांचं पुस्तकातलं गणित विदर्भात असं मनोऱ्यांवर टांगलेलं आहे.

त्या गणितात दिशेची चूक पुन्हा डोकं वर काढते. ६ मीटर अंतरावर दोन अनंत तारा घ्या, लॅम्डा अधिक २ आणि उणे २ नॅनोकूलंब प्रति मीटर. दोघींच्या मधोमध बहुतेक पोरं शून्य लिहितात, कारण चार्ज अधिक-उणे आहे. पण धन तार दूर ढकलते आणि ऋण तार जवळ ओढते, मध्ये दोघींचे बाण एकाच दिशेला. १२ अधिक १२, उत्तर २४. शून्य येतं ते दोन्ही तारा धन असतील तेव्हा. मध्यापासून ४ मीटर वर गेलात तर प्रत्येकीचं क्षेत्र ७.२. विरुद्ध चार्जला उत्तर ८.६४, सारख्या चार्जला ११.५२. इथेही बाण काढा, मग आकडे.

जमिनीचा प्रश्न पोरंच विचारतात, कारण त्यांच्या घरी रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला क्षणभराचे विजेचे ठोके देणारं यंत्र, लावलेली असते. "त्या तारेचं काढता येते का सर?" येतं, पण दोन गोष्टी सांभाळून. मशीनवर लिहिलेले किलोव्होल्ट म्हणजे लॅम्डा नव्हे, आधी लॅम्डा काढावा लागतो. शिवाय जमीन वाहक आहे. तारेवरचा चार्ज जमिनीत विरुद्ध चार्ज ओढून आणतो. त्याचा परिणाम असा होतो, जणू तेवढ्याच खोलीवर विरुद्ध चार्जची दुसरी तार पुरलेली आहे. १ मीटर उंचीच्या लांब तारेवर लॅम्डा २ नॅनो असेल तर बरोबर खाली जमिनीलगत पोरं ३६ लिहितात. खरं उत्तर ७२.

झटक्याच्या ठोक्याला क्षणभर ८ किलोव्होल्ट, तार १ मीटर उंच आणि तिची त्रिज्या १ मिलिमीटर धरली, तर लॅम्डा सुमारे ५८ नॅनोकूलंब प्रति मीटर निघतो, आणि खाली जमिनीलगत सुमारे २१०० व्होल्ट प्रति मीटर. हे कागदावरच करायचं. मोजायला तारेजवळ जाऊ नका. आणि घरची लाइन थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे. झटका मशीन क्षणभराचा ठोका देऊन थांबते, घरची लाइन थांबत नाही. त्याने माणसं मेली आहेत.

आता एक स्वतः करा. तार ६.२५ मीटर लांब, लॅम्डा तोच २ नॅनो, 'प' तारेपासून ३ मीटरवर. 'प'वरून तारेवर लंब टाकला की तो तारेला जिथे मिळतो त्याच्या डावीकडे ४ मीटर तार आहे, उजवीकडे २.२५. आधी इंटिग्रेशनने करा, मग कंसाने. टोकांकडे जाणाऱ्या दोन रेषांमध्ये बरोबर काटकोन होतो, म्हणून कंसाने एका ओळीत उत्तर येतं : १२ गुणिले ४५ अंशांचा साइन, म्हणजे ८.४९. ८.४ आलं असेल तर लंब भाग बरोबर काढलात, पण तारेच्या दिशेचे १.२ राहिले. ती बाजू परत पाहा.